औषध गोऱ्यांचं, अंग आपलं?

पत्र : माझा मुलगा २५ वर्षांचा आहे. एमएस्सीसाठी इंग्लंडला, मिडलँड्समधल्या एका शहरात गेला. फेब्रुवारीत त्याचं काहीतरी बिनसलं. शेजारच्या खोलीतली मुलं भिंतीआडून माझ्याबद्दल बोलतात, माझा फोन ऐकतात, असं म्हणायला लागला. जेवण सोडलं, रात्र रात्र जागा. शेवटी मित्रांनीच दवाखान्यात नेलं. पाच आठवडे ॲडमिट होता. सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाशी नातं सुटण्याच्या आजाराचा, पहिला झटका आहे असं सांगितलं. ओलान्झापिन १५ मिलिग्रॅमने आवाज थांबले. रूमवर परत आल्यावर महिन्याभरात कुजबुज पुन्हा ऐकू यायला लागली, म्हणून गोळी २० ची केली. त्याने बरं वाटलं. तो दिवसाला पंधरा-वीस सिगारेटी ओढतो हे मला त्याच सुमारास कळलं. गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरती चालू असताना त्याला बाप्पाची शपथ घातली आणि त्यानेही शब्द पाळला. पण तेव्हापासून, दीड महिना झाला, तो नुसता झोपलेला असतो. चौदा-चौदा तास. उशी लाळेने भिजते म्हणतो, चालताना हात हलत नाहीत, चेहरा दगडासारखा झालाय. वजन एकूण नऊ किलो वाढलं. याच्या वडिलांना मधुमेह आहे. माझे धाकटे दीर मेडिकल चालवतात. ते म्हणतात, ‘वहिनी, तिकडचे डोस गोऱ्या माणसाच्या अंगाला धरून असतात. आपल्या पोरांना निम्मी गोळी पुरते. अर्धी तोडून घ्यायला सांगा.’ अमेरिकेतल्या भाचीनेही ‘एशियन लोकांना निम्मा डोस लागतो’ असा लेख पाठवला. हे खरं आहे का? त्याला इकडे आणून इकडची औषधं सुरू करावीत का? – एक आई, कराड

ताई,

तुमच्या पत्रातलं एक काम आजच्या आज करण्यासारखं आहे, ते आधी सांगते. मुलाला फोन लावा. त्याच्या उपचारांच्या टीममध्ये जी व्यक्ती त्याला नेमून दिलेली असते, तिकडे तिला केअर कोऑर्डिनेटर म्हणतात, तिला त्याने एवढंच सांगायचं : ‘मी अमुक तारखेपासून सिगारेट बंद केली आहे आणि तेव्हापासून मला फार गुंगी येते.’ तारीख नक्की सांगायची. गोळी अर्धी तोडायची नाही, बंद तर मुळीच करायची नाही.

आता कारण सांगते. तुमच्या दिरांनी आणि भाचीने वंशाकडे बोट दाखवलं, पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा माझं लक्ष त्या आरतीवर जाऊन थांबलं. ओलान्झापिन शरीराबाहेर टाकण्याचं बरचसं काम लिव्हरमधलं सीवायपी १ए२ नावाचं एन्झाइम करतं. सिगारेटच्या धुरात असे काही पदार्थ असतात की त्यांच्यामुळे हे एन्झाइम दुप्पट जोमाने कामाला लागतं आणि औषध भराभर निघून जातं. धूर थांबला की आठवड्याभरात ते आपल्या मूळ चालीवर येतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं औषध वाढत जातं.

आता तुमच्याच पत्रातला क्रम लावून बघा. इंग्लंडमधल्या सरकारी मानसिक रुग्णालयांच्या आवारात सिगारेट ओढायला बंदी असते. त्यामुळे वॉर्डात १५ पुरली. रूमवर आला, सिगारेट पुन्हा सुरू झाली, औषध लवकर धुतलं जायला लागलं आणि कुजबुज परतली. डॉक्टरांनी २० केली, तीही वाढलेल्या धुराच्या हिशेबाने बरोबर बसली. मग गणपतीत सिगारेट सुटली. २० मात्र तशीच राहिली. गुंगी, लाळ, न हलणारे हात, दगडी चेहरा या सगळ्याचा अर्थ बहुधा इतकाच की आज त्याच्या रक्तात गरजेपेक्षा जास्त ओलान्झापिन आहे. बहुधा म्हणते, कारण मी त्याला तपासलेलं नाही. पण रक्तातली ओलान्झापिनची पातळी मोजता येते, इंग्लंडमध्ये ती सोय आहे. ‘पातळी तपासता येईल का?’ असं त्याने स्पष्ट विचारावं.

आणि ताई, हे वाचून तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून लगेच लिहिते. तुम्ही शपथ घातली ते योग्यच केलं. या आजाराच्या माणसांचं आयुष्य ज्या गोष्टींनी कमी होतं त्यांत सिगारेट वरच्या क्रमांकावर आहे. त्याने ती पुन्हा धरू नये. फक्त सुटल्याची बातमी डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी होती, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी इंग्लंडमध्ये काही वर्षं नोकरी केली तेव्हाही आणि इथे पुण्यातही पाहते, ‘सिगारेट ओढता का’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला जातो आणि पुढे कागदावरच राहतो. उद्या तो चुकून पुन्हा ओढायला लागला तरी तेही लपवू नये. डोस कमी केल्यावर सिगारेट परत आली तर आवाजही परत येऊ शकतात. निकोटिनची पट्टी, च्युइंगम किंवा व्हेप यांचा या एन्झाइमवर असा परिणाम होत नाही, कारण भानगड निकोटिनची नाही, धुराची आहे. आपल्याकडे मळून खाल्लेल्या तंबाखूनेही हा फरक पडत नाही. बिडीने मात्र पडतो.

आता वंशाचा प्रश्न. तुमचे दीर अगदीच हवेत बोलत नाहीत, म्हणून तो उडवून लावणार नाही.

लोकसमूहांमध्ये फरक असतात. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधावर काम झालं. तेवढ्याच डोसवर चिनी-जपानी वंशाच्या लोकांच्या रक्तात औषधाची पातळी गोऱ्यांपेक्षा जास्त निघाली. तुमच्या भाचीने पाठवला त्या जातीच्या लेखांचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. पण एका शब्दाने घोटाळा होतो. अमेरिकेत ‘एशियन’ म्हटलं की डोळ्यांसमोर चिनी, जपानी, कोरियन येतात. इंग्लंडमध्ये ‘एशियन’ म्हणजे आपण, पाकिस्तानी आणि बांगलादेशी. कराडचा मुलगा आणि ओसाकाचा मुलगा एकाच रकान्यात बसवून ‘निम्मा डोस’ काढला तर त्यात शास्त्र कमी आणि नकाशाच जास्त.

दुसरं एन्झाइम घ्या, सीवायपी २डी६. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही पहिल्या झटक्यात खूप वापरली जाणारी औषधं ते हाताळतं. काही माणसांत ते जन्मतःच जवळजवळ काम करत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत अशी माणसं शंभरात पाच ते दहा, चिनी-जपान्यांत साधारण एक, भारतीयांत दोन ते चार. म्हणजे या एन्झाइमपुरतं पाहिलं तर औषध अंगात साचून राहण्याची पाळी गोऱ्यांवरच जास्त येते! शिवाय एकाच गल्लीतल्या दोन मराठी घरांत एक मुलगा झपाट्याने औषध फोडणारा आणि दुसरा अगदी मंद असू शकतो. गटागटांतला फरक सरासरीचा असतो. तुमच्या मुलाला सरासरी गिळायची नाही, त्याला त्याची गोळी गिळायची आहे.

ओलान्झापिनच्या एन्झाइमबद्दल मात्र दिरांच्या बाजूने एक गोष्ट आहे. सिडनीत दक्षिण आशियाई आणि युरोपीय वंशाच्या निरोगी लोकांची तुलना झाली तेव्हा सीवायपी १ए२ आपल्या लोकांत सरासरीने मंद आढळलं, आणि त्या फरकात रोजच्या खाण्यापिण्याच्या सवयींचाही हात दिसला. क्लोझापिन हे औषध याच वाटेने जातं. ते देताना पाकिस्तानपासून जपानपर्यंतच्या वंशांच्या लोकांना सावकाश आणि कमी मात्रेने सुरुवात करावी, असं आज जगभरचे तज्ज्ञ म्हणतात. दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नाही तरच क्लोझापिनचा विचार होतो, तुमचा मुलगा तिथे नाही. त्याला १५ वर गुण आला आहे. पण पुढेमागे ते नाव कानावर आलं तर ‘आमचा मुलगा दक्षिण आशियाई आहे, तो सिगारेट ओढत नाही, डोस त्या हिशेबाने आहे ना?’ असं जरूर विचारा. हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. गोळी घरी तोडायचा सल्ला त्यातून निघत नाही.

मुळात पहिल्या झटक्यात डोस कमी लागतो, तोही कुठल्याही वंशाच्या माणसाला. ताजा आजार औषधाला लवकर साथ देतो आणि ताजा रुग्ण साइड इफेक्टही लवकर दाखवतो. ओलान्झापिन अनेकांना १० च्या आसपास पुरते. २० ही नेहमीच्या वापरातली कमाल मर्यादा आहे. सिगारेट सुटलेल्या मुलाला २० लागते का, हे त्यांनी पुन्हा पाहायलाच हवं.

मग औषध मूळ आजारावर आपल्या लोकांत कमी चालतं का? याचं उत्तर नाही असं आहे, आणि मी ते निःशंक मनाने देते. हाँगकाँगमध्ये पहिल्या झटक्यातून बरे झालेल्या १७८ चिनी रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना क्वेटियापिन हे याच आजारावरचं औषध चालू ठेवलं, अर्ध्यांना नकळत नुसती बिनऔषधी गोळी दिली. वर्षभरात औषधवाल्यांपैकी ४१ टक्क्यांचा आजार उलटला, बिनऔषधवाल्यांपैकी ७९ टक्क्यांचा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या झटक्यानंतर औषध सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट निघाला होता. न्यूयॉर्क काय, हाँगकाँग काय, गोळी सोडल्याची किंमत सारखीच मोजावी लागली. म्हणून ‘अर्धी तोडा’ हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. दिरांचा हेतू चांगला आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण डोस कमी करायचा तोही पायरीपायरीने, आवाज परत येतात का याच्यावर डोळा ठेवून. ते काम दुकानाच्या काउंटरवरून, तेही सात हजार किलोमीटरांवरून, होत नाही.

एका फरकाबद्दल फार कमी लोक बोलतात. इंग्लंडमध्ये काळ्या लोकांना मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल करण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे. अमेरिकेत काळ्या रुग्णांना वर्षानुवर्षं जास्त डोस आणि इंजेक्शनं अधिक दिली गेली. हा फरक त्यांच्या लिव्हरमधून आलेला नाही. तो डॉक्टरांच्या नजरेतून, भीतीतून, उशिरा मिळालेल्या मदतीतून आला. ‘वंशाप्रमाणे औषध’ हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, फरक रुग्णाच्या शरीरात आहे की त्याला मिळालेल्या वागणुकीत? तुमच्या मुलाबाबतही विचारा. त्याला इंग्रजीत मनातली भीती नीट सांगता येते का? आवाज मराठीत बोलतात की इंग्रजीत? भिंतीआडून आई हाक मारते असं त्याला वाटत असेल तर ते परक्या भाषेत सांगताना निम्मं सांडतं. आणि निम्मं सांडलं की डॉक्टरही निम्म्याच माहितीवर डोस ठरवतात.

आता वजन. मला खरी काळजी इथे वाटते, आणि इथे आपलं अंग वेगळं आहे हे अगदी खरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हयातभर याच विषयावर काम केलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून चरबी, आणि तीही पोटाभोवती. ओलान्झापिन भूक वाढवतं आणि साखरेचा तोल बिघडवतं. ज्याचे वडील मधुमेही आहेत अशा मराठी मुलाने त्यावर नऊ किलो चढवणं ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही. इंग्लंडच्या नियमांप्रमाणेच दक्षिण आशियाई माणसाची जोखीम बीएमआय २३ पासून वाढलेली धरतात, गोऱ्यांची २५ पासून. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की आपल्यासाठी ती धोक्याची खूण.

म्हणून त्याने पुढच्या भेटीत आपली कंबर मोजायला सांगावी. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची साखर आणि कोलेस्टेरॉल औषध सुरू केल्यापासून किती वेळा तपासलं, हे विचारावं. बारा आठवड्यांनी ते व्हायलाच हवं होतं. ‘वडिलांना मधुमेह आहे’ हे त्यांच्या कागदांत लिहून घ्यायला सांगावं. मग पुढे ॲरिपिप्राझोलसारख्या वजन कमी वाढवणाऱ्या औषधावर हळूहळू जाता येईल का, वजनासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडावं का, या चर्चेला अर्थ येतो. माझा कल विचाराल तर, आवाज पूर्ण शांत असताना घाईने औषध बदलू नये. आधी डोस बरोबर करून दोन-तीन महिने द्यावेत. पण वजन असंच चढत राहिलं तर थांबूही नये. लाळ, गुंगी आणि भूक डोस उतरवल्यावर बरीच कमी होतील अशी मला आशा आहे.

ताप चढला, अंग लाकडासारखं कडक झालं आणि तो बरळायला लागला तर मात्र वाट पाहायची नाही, तिथला तातडीचा नंबर ९९९ लावायचा. आणि रात्री-अपरात्री आवाज वाढले, घाबरला, तर तिथला १११ हा नंबर, त्यात मानसिक आरोग्यासाठी २ दाबायचं.

तुमच्या पार्सलबद्दलही दोन शब्द. पत्रात लिहिलं नाहीत, पण आपल्याकडची कुठली आई औषधाचा डबा पाठवत नाही? त्यात जुलाबासाठी म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर ते काढून ठेवायला सांगा. ते ओलान्झापिन बाहेर टाकणाऱ्या सीवायपी १ए२ या एन्झाइमलाच अडवतं आणि औषध आणखी साचतं. कुणी ‘डोकं शांत राहतं’ म्हणून सर्पगंधेची गोळी सुचवली असेल तर तीही नको. सर्पगंधा हे खरोखरच जोरकस औषध आहे, त्यातलं रिसर्पिन रक्तदाब पाडतं आणि मन खचवू शकतं. म्हणूनच ती यात मिसळायची नाही. मेतकूट, लाडू, लोणचं खुशाल पाठवा. लाडू थोडे कमी.

त्याला इकडे आणायचं का, हे फक्त औषधावरून ठरवू नका. इकडची औषधं वेगळी नाहीत. ओलान्झापिन इथेही तेच, आणि इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या जेनेरिक गोळ्यांचा मोठा वाटा भारतातल्याच कारखान्यांतून जातो. तिथे त्याला पहिल्या झटक्यासाठी खास नेमलेली टीम मिळाली आहे, ती साधारण तीन वर्षं सोबत करते. आपल्याकडे अशी सोय अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी आहे. तो बरा होतोय, शिक्षण अर्ध्यावर आहे, त्याची इच्छा राहायची असेल तर मी त्याला तिथेच राहू देईन.

पण तिथे एक गोष्ट कमी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. चेन्नईतली स्कार्फ ही संस्था आणि कॅनडातलं मॉन्ट्रियल इथल्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांची दोन वर्षं तुलना झाली. दोन्हीकडे दीडशेहून जास्त रुग्ण, उपचारांची आखणी जवळपास सारखी. आवाज, भास, संशय दोन्हीकडे सारखेच आटोक्यात आले. मात्र आजार जी मरगळ, अबोला आणि कशात मन न लागणं मागे ठेवतो, ते चेन्नईत जास्त सुधारलं. तिथे घरची माणसं उपचारांत कितीतरी जास्त गुंतलेली होती, आणि अभ्यासकांनी या फरकाचं मोठं कारण तेच मानलं. मी हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला माझ्या ओपीडीबाहेरची बाकं आठवली. एका रुग्णामागे आई, मामा, चुलतभाऊ, कधी गावचा सरपंचसुद्धा.

हे तुम्ही कराडहून कसं करायचं? मुलाच्या संमतीने टीमच्या बैठकीत व्हिडिओवर हजर राहा. मराठी दुभाषा मागा, तो तिथे फुकट मिळतो, इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नका. कुटुंबासोबतच्या किमान दहा बैठका हा तिथल्या उपचारांचाच भाग आहे. जवळच्या संपर्कातल्या कुटुंबासाठी ती शिफारस आहे, तेव्हा तुम्ही रोज फोनवर बोलता हे त्यांना सांगा. मुलाने संमती दिली नाही तर टीम तुम्हाला त्याची माहिती देऊ शकणार नाही, पण तुम्ही सांगितलेलं ऐकून घेऊ शकते. सिगारेट कधी सुटली हे तुम्ही स्वतः कळवलंत तरी चालेल.

फोनवर ‘गोळी घेतलीस का’ हे पहिलं वाक्य नसू द्या. आधी जेवला का, बाहेर पडला का, सामना पाहिला का. गोळीचं तिसरं-चौथं.

आणि तुम्हालाही कुणीतरी हवं. पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, ही संस्था आहे. कॅनडात स्थायिक झालेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून ती उभी केली. तुमच्या मुलाचं निदान स्किझोफ्रेनियाच आहे असं मी म्हणत नाही, पहिल्या झटक्यानंतर ते लगेच ठरवूही नये. पण तिथे आजारी माणसांच्या नातेवाइकांचे गट भरतात, आणि परदेशातल्या मुलाची काळजी घरी बसून वाहणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही.

केअर कोऑर्डिनेटर काय म्हणाले, रक्ताची पातळी किती आली, ते मला कळवा. दिरांनाही तो आकडा दाखवा.